खळ्यावरचं धान्य कुणाचं? माख्नोच्या शेतकरी उठावाबद्दल

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. लघुशोधप्रबंधासाठी तिने युक्रेनमधला 1917 ते 1921 या काळातला नेस्तोर माख्नोचा उठाव निवडलाय. ती विचारते: हे शेतकऱ्यांनी चालवलेलं खरोखरचं बिनसरकारी राज्य होतं, की रशियन क्रांतीनंतरच्या यादवीत माजलेली हत्यारबंद टोळी? आणि बोल्शेविकविरोधी श्वेत सैन्याचं कंबरडं मोडणारे हे लोक लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या लाल सैन्यापुढे का टिकले नाहीत? मार्गदर्शकांनी तिला एक बाजू घ्यायला सांगितलंय.

मी वीसेक वर्षं महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवतो. या विषयावर माझ्याकडे काही मुलांनी प्रबंध लिहिले आणि बहुतेकांची गाडी याच ठिकाणी अडली, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण दोन्हींच्या पोटात एकच गोष्ट दडलेली आहे. माख्नो वीर की लुटारू, या प्रश्नात सगळं लक्ष एका माणसावर जातं. त्याची फौज मात्र कधी पाच-पन्नास माणसांची असे, कधी चाळीस हजारांच्या घरात जाई आणि काही आठवड्यांत पुन्हा विरघळून जाई. माणूस तोच, घोडा तोच, भाषणं तीच. मग फौज वाढत आणि आटत का होती? ती वाढवणारे आणि आटवणारे होते गावकरी, आणि गावकऱ्यांचा हिशेब साधा होता: जमीन कोण कसतो आणि खळ्यावरचं धान्य कोण नेतो. हा हिशेब हातात धरला की तुमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर मिळतं. बाजू कुठली घ्यायची ते मी सांगणार नाही. पण उत्तर महिन्यागणिक आणि गावागणिक बदलतं, हे आधीच कबूल करतो.

आधी एका शब्दाबद्दल. तुमच्या टिपणात 'अराजकवादी' लिहिलंय. मराठीत अराजक म्हटलं की बेबंदशाही डोळ्यांपुढे येते, रस्त्यात लूटमार चाललीय असं वाटतं. त्या शब्दाने तुमचा निकाल पहिल्याच पानावर लागून जातो. 'अराज्यवाद' लिहा. राज्यसंस्था नको, पण व्यवस्था हवी, आणि ती खालून, गावाच्या आणि कामगारांच्या सभांनी उभी करायची, हा तो विचार. माख्नो तुरुंगात जाण्याआधीपासून या विचाराचा होता. गावातले बहुतेक शेतकरी मात्र या विचाराचे नव्हते. त्यांना जमीन हवी होती, आणि जमीन मिळाल्यावर कुणी सतावू नये एवढंच हवं होतं. या दोन इच्छा बराच काळ एका रस्त्याने चालल्या. त्या कुठे जुळल्या आणि कुठे फाटल्या, हेच तुमच्या प्रबंधाचं खरं काम आहे.

हुल्यायपोले हे दक्षिण युक्रेनच्या सपाट, काळ्याभोर जमिनीच्या मुलखातलं मोठं गाव. जमीन उत्तम, गहू जोमदार, पण चांगले मोठे पट्टे जमीनदारांकडे आणि जर्मन वसाहतवाल्यांकडे. नेस्तोर माख्नोचा जन्म इथला, 1888 चा. वडील तान्हेपणीच गेले. सातव्या वर्षी पोरगा गुरं वळायला लागला, पुढे ओतशाळेत कामाला गेला. 1906 मध्ये गावातल्या अराज्यवादी गटात शिरला, 1908 मध्ये पकडला गेला, 1910 मध्ये फाशीची शिक्षा झाली. वय कमी म्हणून ती जन्मठेपेवर आली. मॉस्कोच्या बुतिर्की तुरुंगात त्याला क्षय जडला आणि तिथेच प्योत्र आर्शिनोव भेटला, जो पुढे या चळवळीचा आतला इतिहासकार झाला. मार्च 1917 मध्ये क्रांतीने तुरुंगाची दारं उघडली तेव्हा माख्नो थेट गावी परतला.

गावात पुढच्या सहा-आठ महिन्यांत जे झालं ते नीट पाहा, कारण ते बोल्शेविकांनी सत्ता घेण्याआधीचं आहे. शेतकऱ्यांनी जमीनदारांना खंड देणं बंद केलं. जमिनीचे कागद गोळा करून समितीसमोर आणायला लावले आणि जमीन वाटायला घेतली. यातली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माख्नोने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय की जमीनदाराला देशोधडीला लावलं नाही, त्याच्या कुटुंबाला कसता येईल एवढी जमीन ठेवली. सोबत दोन जोड्या घोडे, एखाद-दुसरी गाय, एक नांगर, एक पेरणीयंत्र, एक कापणीयंत्र. ही यादी वाचली की कळतं, ही समिती शेतकऱ्यांची होती. चार घोडे आणि एक नांगर म्हणजे एका घराची शेती, हे माप शेतात राबलेल्या माणसाचं आहे.

त्याच सुमारास माजी जमीनदारांच्या वाड्यांवर काही कम्युन उभ्या राहिल्या. सामायिक स्वयंपाकघर, सामायिक गुरं, सभेत ठरलेली कामं. माख्नो स्वतः आठवड्यातले दोन दिवस एका कम्युनमध्ये कामाला जाई. पण आकडा बघा: हुल्यायपोलेच्या आसपास अशा मोजक्याच कम्युन होत्या, प्रत्येकीत शंभर, दोनशे, फार तर तीनशे माणसं. बाकी हजारो कुटुंबांनी जमीन घेतली ती आपापल्या नांगराखाली. विद्यार्थी इथे घसरतात. कम्युनची वर्णनं सुंदर आहेत म्हणून सगळा मुलूख कम्युनमध्ये राहत होता असं लिहून टाकतात. तसं नव्हतं.

आता माझी पद्धत सांगतो. मी विद्यार्थ्यांना मोठ्या कागदावर दोन रेघा आखायला लावतो. वरच्या रेघेवर लढाया, करार, हुकूम. खालच्या रेघेवर शेती: शरदात हिवाळी गव्हाची पेरणी, हिवाळ्यात बर्फाखाली पडलेलं रान, वसंतात जवाची पेरणी, जुलैत कापणी, मग मळणी. दोन्ही रेघा भरल्या की वरच्या रेघेवरच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडायला लागतात.

1918 घ्या. फेब्रुवारीत युक्रेनच्या 'राडा' (म्हणजे परिषद) या नावाच्या सरकारने जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीशी वेगळा तह केला आणि त्यांच्या फौजा मुलखात आल्या. बदल्यात सहा कोटी पूड, म्हणजे दहा लाख टनांच्या आसपास धान्य द्यायचं ठरलं. एप्रिलअखेर जर्मनांच्या पाठिंब्याने स्कोरोपाद्स्की 'हेटमन', म्हणजे सत्ताप्रमुख, होऊन गादीवर बसला आणि जमीनदार परत आले. आदल्या शरदात शेतकऱ्यांनी जे शेत 'आपलं' म्हणून पेरलं होतं, त्याचा गहू उन्हाळ्यात उभा राहिला तेव्हा मालक बदललेला होता. वर जमीनदाराच्या नुकसानीची भरपाई, फटके, फाशी. माख्नो तेव्हा रशियात भटकत होता, मॉस्कोत अराज्यवादी विचारवंत क्रोपोत्किनला आणि लेनिनला भेटून खोट्या पासपोर्टवर परत आला. त्याच्या आईचं घर जाळलं गेलं होतं आणि युद्धात अपंग झालेल्या भावाला गोळ्या घातल्या होत्या.

उठाव पेटला तो कापणी-मळणीनंतर. सप्टेंबरअखेर दिब्रिव्काच्या जंगलाजवळ माख्नोच्या मूठभर माणसांनी, फेदिर श्चूसच्या टोळीच्या साथीने, रात्री गावात उतरलेल्या कितीतरी मोठ्या ऑस्ट्रियन तुकडीवर अचानक हल्ला केला आणि ती उधळून लावली. तिथल्या लोकांनी त्याला 'बात्को' म्हणायला सुरुवात केली. बात्को म्हणजे बाप, आपल्याकडे गावात कर्त्या माणसाला 'बाबा' म्हणावं तसं. माख्नो तेव्हा जेमतेम तिशीचा होता. काही दिवसांनी सूड म्हणून ते गाव जाळण्यात आलं, आणि त्यानंतर माख्नोच्या माणसांनी जमीनदारांच्या वाड्यांवर आणि वसाहतींवर जो सूड उगवला तोही भयंकर होता.

नोव्हेंबरात जर्मनी हरला, हेटमन पडला आणि 1919 च्या पहिल्या सहा महिन्यांत या मुलखाला श्वास घ्यायला मिळाला. 'खरोखरचं राज्य होतं का' या प्रश्नाला सर्वात जास्त 'हो' म्हणता येईल तो हाच काळ. जानेवारी, फेब्रुवारी आणि एप्रिल अशी तीन प्रादेशिक अधिवेशनं झाली. एप्रिलच्या हुल्यायपोले अधिवेशनाला 72 तालुकावजा विभागांचे प्रतिनिधी आले होते, त्यांच्या मागची लोकसंख्या वीस लाखांवर. सैन्यातले नायक निवडून येत. पण इथेही दोन्ही बाजू मांडा. फेब्रुवारीच्या अधिवेशनाने सैन्यभरती 'ऐच्छिक' ठरवली आणि त्याच वेळी ती सार्वत्रिकही ठरवली. गावाने ठरवलं की घरटी माणूस द्यायचा, तर त्या घराची इच्छा विचारायला कोण जातं? हा प्रश्न टाळू नका. परीक्षक तो विचारतीलच.

याच काळात बोल्शेविकांशी पहिला करार झाला. फेब्रुवारी 1919 मध्ये माख्नोची फौज लाल सैन्याचा नायक दिबेंको याच्या डिव्हिजनची एक ब्रिगेड झाली. काळे झेंडे तसेच राहिले, निवडलेले नायक तसेच राहिले. कारण उघड आहे, पूर्वेकडून सेनापती देनिकिनचं श्वेत सैन्य येत होतं आणि त्याच्या मागोमाग जमीनदार येणार हे शेतकरी ओळखून होते. श्वेतांकडून हिसकावलेलं धान्य या लोकांनी मॉस्को आणि पेट्रोग्राडच्या कामगारांना फुकट पाठवलं, रेल्वेच्या शंभरेक वाघिणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण हेच लोक काही महिन्यांत सरकारी धान्यवसुली पथकांवर बंदूक रोखणार होते. ते धान्य लढून मिळवलेलं होतं, घरच्या कणगीतलं नव्हतं, हे खरं. तरीही शहराला उपाशी मारायची त्यांची इच्छा होती, हा आरोप त्यामुळे टिकत नाही.

बिनसलं ते जमिनीवरून आणि धान्यावरूनच. त्या वर्षी युक्रेनच्या सोव्हिएत सरकारने जमीनदारांच्या मोठमोठ्या शेतांची सरकारी शेतं करायला घेतली. शेतकऱ्याच्या डोळ्यांनी बघा: मालक गेला, पण शेत आपल्याला मिळालं नाही, त्याच्या जागी कचेरीतला माणूस आला. जोडीला सक्तीची वसुली आणि चेका, म्हणजे राजकीय पोलीस. आमच्या घरात आजोबा लेव्हीच्या, म्हणजे आपल्याकडच्या सक्तीच्या सरकारी धान्यवसुलीच्या, दिवसांबद्दल बोलायचे, घरात किती पोती ठेवायची ते दुसऱ्याने ठरवायचं याचा सल त्यांच्या आवाजात अखेरपर्यंत होता. मी ती तुलना म्हणून सांगत नाही, युक्रेनमध्ये वसुलीला संगिनी होत्या आणि माणसं मरत होती. पण तो आवाज ऐकलेला असल्यामुळे मला ती अधिवेशनांची कागदपत्रं वाचताना पुष्कळ काही आपसूक कळलं.

एप्रिलचं अधिवेशन दिबेंकोने तारेने 'प्रतिक्रांतिकारक' ठरवलं. त्याला अधिवेशनांनी नेमलेल्या लष्करी क्रांतिकारी मंडळाने लांबलचक उत्तर पाठवलं आणि त्यात विचारलं की क्रांती करणाऱ्या लोकांना सभा भरवू न देणारे कायदे करण्याचा अधिकार मूठभर माणसांना कुणी दिला. जूनमध्ये पुढचं अधिवेशन भरणार होतं. 4 जूनला लाल सैन्याचा प्रमुख ट्रॉट्स्कीने 1824 क्रमांकाचा हुकूम काढून त्याला बंदी घातली आणि त्यात भाग घेणं देशद्रोह ठरवलं. त्याच दिवसांत देनिकिनचे घोडेस्वार आघाडी फोडून आत घुसले. माख्नोने पद सोडलं, हुल्यायपोले पडलं, आणि गावंच्या गावं गाड्यांवर संसार घालून पश्चिमेकडे निघाली.

लढायांबद्दल थोडक्यातच सांगतो, त्यावर भरपूर साहित्य मिळेल. 26 सप्टेंबर 1919 ला उमानजवळ पेरेगोनोवका इथे चारी बाजूंनी घेरलेल्या या फौजेने श्वेतांच्या तुकड्या फोडल्या आणि दहाएक दिवसांत पूर्वेकडे नीपर नदीकाठचं अलेक्सांद्रोव्स्क, म्हणजे आजचं झापोरिझ्झिया, गाठलं. एवढा वेग आला कुठून? ताचांकांमधून. ताचांका म्हणजे स्प्रिंगची हलकी घोडागाडी, मागच्या बाजूला मशीनगन बसवलेली. पायदळसुद्धा गाड्यांवर चाले. दमलेली घोडी गावात सोडायची, ताजी जुंपायची, पुढे निघायचं. गावाने घोडा दिला तर फौज धावते, नाही दिला तर जागेवर बसते. ऑक्टोबरच्या मध्याला देनिकिन ओर्योलपर्यंत, मॉस्कोपासून साडेतीनशे किलोमीटरांवर पोचला होता, आणि पाठीमागे बर्द्यान्स्कचा दारूगोळा, रेल्वेचे फाटे, बंदरं या शेतकऱ्यांच्या हातात जात होती. त्याला आघाडीवरून तुकड्या मागे आणाव्या लागल्या. देनिकिनचा पराभव एकट्या माख्नोमुळे झाला असं मी म्हणणार नाही, लाल सैन्याचा प्रतिहल्ला मोठा होता. पण माख्नोला वगळून त्या पराभवाचं वर्णन पुरं होत नाही.

याच शरदात तुमच्या पहिल्या प्रश्नाची खरी कसोटी लागली, कारण आता त्यांच्या हातात शहरं होती. अलेक्सांद्रोव्स्कच्या रेल्वे कामगारांचा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो. पगार थकलेले होते, ते माख्नोकडे आले. त्याने सांगितलं, रेल्वे तुमची आहे, तुम्हीच चालवा, प्रवाशांकडून आणि मालधन्यांकडून भाडं घ्या आणि त्यातून आपले पगार काढा. फौजेची वाहतूक तेवढी फुकट. शेतकऱ्याला हे उत्तर पटतं: शेत तुझं, पीक तुझं, विकून खा. पण यादवीत उद्ध्वस्त झालेल्या लोहमार्गावर, जिथे निम्मी वाहतूक सैन्याची, तिथे प्रवासी किती आणि माल कुणाचा? कोळसा कुठून आणायचा? इंजिनाच्या सुट्या भागांचं काय? कामगार त्यांच्या बाजूने कधी मनापासून उभे राहिले नाहीत त्याचं कारण इथे आहे. चलनाचंही तसंच. झारचं, देनिकिनचं, सोव्हिएतांचं, सगळ्या नोटा त्यांनी चालू ठेवल्या. गावात ज्याच्या घरी गहू आहे त्याचं काही अडलं नाही, शहरात ज्याच्या हातात फक्त नोटा होत्या त्याचे हाल झाले.

त्यांनी शहरांत सगळ्या समाजवादी पक्षांची वर्तमानपत्रं चालू दिली, बोल्शेविकांचंसुद्धा. अट एकच, कुणी वरून सत्तेची समिती लादायची नाही. त्या यादवीत दुसऱ्या कुठल्याही फौजेने हे केलेलं मला आढळलेलं नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. पण त्याच फौजेचं हेरखातं होतं, त्यातली माणसं उघड चौकशीशिवाय गोळ्या घालत. डिसेंबरात पोलोन्स्की या बोल्शेविक नायकाला कटाच्या आरोपावरून असंच मारलं. पंचायतीचं राज्य आणि रात्रीची गोळी, दोन्ही एकाच फौजेत होतं.

आता आयखेनफेल्ड. हे टाळून तुमचा प्रबंध लिहू नका. मेनोनाइट हे जर्मन बोलणारे, शांततावादी पंथाचे वसाहतवाले, झारच्या काळात चांगली जमीन मिळालेले. 1918 मध्ये त्यांच्यातल्या काहींनी जर्मन फौजेच्या मदतीने स्वसंरक्षण पथकं काढली आणि शेजारच्या युक्रेनी गावांशी त्यांचं वैर वाढलं. 1919 च्या शरदात माख्नोचे घोडेस्वार आयखेनफेल्ड या मेनोनाइट गावात शिरले आणि एका रात्रीत सत्तरहून अधिक माणसं मारली. घरोघर जाऊन, बहुतेकांना तलवारीने. गावातले जवळपास सगळे कर्ते पुरुष गेले. बायकांवर अत्याचार झाले. या भागातल्या वसाहतींमध्ये असे प्रकार आणखीही झाले. सुरुवातीच्या वर्षांत मी हा प्रसंग एका वाक्यात उरकत असे. मग त्या समाजातल्या लोकांनी लिहिलेल्या रोजनिशा वाचल्या आणि त्या वाक्याची मला लाज वाटली. वर्गकलहाचा इतिहास, वसाहतवाल्यांची पथकं, जमिनीची भूक, ही सगळी कारणं तुम्ही द्या, पण ती कारणं म्हणूनच द्या, सबब म्हणून नव्हे.

ज्यूंच्या बाबतीत चित्र वेगळं आहे. चळवळीत ज्यू माणसं महत्त्वाच्या जागी होती, अराज्यवादी लेखक व्होलिन त्यातलाच. ज्यूंच्या कत्तली घडवणाऱ्या ग्रिगोरिएव या दुसऱ्या एका फौजेच्या सरदाराला माख्नोच्या माणसांनी जुलै 1919 मध्ये शेतकऱ्यांच्या भर सभेत ठार केलं. फौजेतल्या माणसांनी केलेले हल्लेही झाले आणि त्याबद्दल शिक्षाही झाल्या. नेतृत्वाची भूमिका स्वच्छ, प्रत्येक तुकडीचं वर्तन तसं नाही, असं लिहिलंत तर पुराव्याशी इमान राहील.

इथे एक व्यवहारी सूचना. आयखेनफेल्डची तारीख तुम्हाला कुठे 26 ऑक्टोबर आणि कुठे 8 नोव्हेंबर मिळेल. घटना एकच, पंचांगं दोन. जुन्या ज्युलियन आणि नव्या ग्रेगोरियन तारखांत तेरा दिवसांचं अंतर आहे. सोव्हिएत सरकारने 1918 मध्ये नवं पंचांग घेतलं, श्वेत सैन्य जुनंच वापरत राहिलं. दोन रेघा आखताना सगळ्या तारखा आधी नव्या पंचांगात आणा, नाहीतर लढाई आधी आणि हुकूम नंतर असले घोटाळे होतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न, हरले का. 1919-20 च्या हिवाळ्यात प्रलापक ज्वराने, टायफसने, फौज आडवी केली. जानेवारी 1920 मध्ये लाल सैन्याने पोलंडच्या आघाडीवर जायचा हुकूम दिला. खालची रेघ बघा: वसंताची पेरणी तोंडावर, घरात माणसं तापाने फणफणलेली, आणि हुकूम येतो की गाव सोडून पोलंडला चला. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बंडखोर ठरवलं गेलं. पुढचं जवळपास सगळं वर्ष धान्यपथकं आणि घोडेस्वार यांच्यातल्या चकमकींत गेलं. लाल सैन्य ओलीस धरी, गावं जाळी. माख्नोची माणसं वसुली अधिकाऱ्यांना मारत आणि साध्या शिपायांना सोडून देत. याच वर्षी सरकारने गावोगाव गरीब शेतकऱ्यांच्या समित्या उभारल्या आणि शेजाऱ्याच्या कणगीतला वाटा त्यांना देऊ केला. गाव आतून दुभंगू लागलं ते इथून.

ऑक्टोबर 1920 मध्ये, देनिकिननंतर श्वेतांचा सेनापती झालेल्या व्रांगेलविरुद्ध, बोल्शेविकांशी दुसरा करार झाला. त्यातलं चौथं कलम, या मुलखाला स्वतःचा कारभार करू देण्याचं, बोल्शेविकांनी शेवटपर्यंत मंजूर केलं नाही. सेमेन कारेत्निकच्या हाताखालची माख्नोची तुकडी नोव्हेंबरात सिवाशची उथळ खाडी ओलांडून क्रिमियात उतरली. 16 नोव्हेंबरपर्यंत व्रांगेल जहाजांतून पळाला. 26 नोव्हेंबरला हुल्यायपोलेवर लाल सैन्याचा हल्ला झाला, खारकिवमध्ये व्होलिनसह अराज्यवाद्यांची धरपकड झाली, आणि कारेत्निकला बोलणीसाठी बोलावून पकडलं आणि गोळ्या घातल्या. खाडी ओलांडून गेलेल्या पंधराशे घोडेस्वारांपैकी अडीचशेच डिसेंबरात माख्नोपाशी परत पोचले. हा विश्वासघात होता. मी तो शब्द वर्गात वापरतो आणि इथेही वापरतो.

पण पुष्कळ जण इथेच थांबतात आणि विश्वासघाताने हरले असं लिहितात. त्यानंतरही माख्नो नऊ महिने लढत होता. त्याला संपवलं ते 1921 ने. मार्चमध्ये क्रोनश्टाटच्या नाविकांचं बोल्शेविकांविरुद्ध बंड झालं, तांबोव प्रांतात शेतकरी पेटलेले होते, आणि बोल्शेविकांच्या दहाव्या पक्ष अधिवेशनात लेनिनने सक्तीची वसुली मागे घेऊन त्याऐवजी ठरावीक धान्यकर आणला. कर भरला की उरलेलं धान्य शेतकऱ्याचं, बाजारात विकायलाही मोकळा. जमीन हातात होतीच. ज्या कारणासाठी माणूस परसातली पुरलेली रायफल बाहेर काढत होता, त्यातलं निम्मं कारण त्या निर्णयाने गेलं. आणि त्याच उन्हाळ्यात दक्षिण युक्रेनच्या स्टेपमध्ये, म्हणजे सपाट गवताळ मुलखात, पाऊस पडला नाही. पीक करपलं, दुष्काळ पडला. घोड्याला वैरण नाही, घोडेस्वाराला भाकरी नाही, गावात दडून राहायचं तर गावच उपाशी. 28 ऑगस्टला अनेक जखमा झालेला माख्नो ऐंशीच्या आसपास माणसांनिशी नीस्टर ओलांडून रुमानियात गेला. पुढे पोलंड, डान्झिग, बर्लिन, आणि 1925 पासून पॅरिस. तिथे मिळेल ते काम करत तो 1934 मध्ये त्याच जुन्या क्षयाने वारला. पत्नी हालिना कुझ्मेंको आणि मुलगी येलेना यांना 1945 मध्ये सोव्हिएत अधिकाऱ्यांनी बर्लिनमध्ये पकडलं.

थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे टिपण काढायला सोपं जाईल. 1917 चा शरद आणि 1919 चा पूर्वार्ध या काळात हुल्यायपोलेच्या परिसरात गावसभांनी चालवलेला कारभार होता, त्याला पुरावा आहे. 1919 च्या शरदात तोच कारभार शहरांत नेताना तो अडखळला, आणि वसाहतींवर त्याच फौजेने कत्तली केल्या. 1920 पासून मुख्यतः भटकी फौज उरली. हार झाली ती दगा, रोगराई, शहरांची साथ नसणं, धान्यकर आणि दुष्काळ या सगळ्यांनी मिळून, आणि त्यातल्या शेवटच्या दोहोंना मी सर्वात जास्त वजन देतो. दुसरा अभ्यासक लष्करी कारणांना जास्त वजन देईल, त्यांच्याशी वाद घाला.

साधनांबद्दल सांभाळा. आर्शिनोव आणि व्होलिन आतले आहेत, त्यांनी पाहिलेलं मोलाचं आहे, पण आपल्या माणसांच्या चुकांवर ते भरभर पुढे सरकतात. माख्नोच्या आठवणी 1918 च्या अखेरीला थांबतात, तेव्हा 1919 बद्दल 'माख्नो स्वतः म्हणतो' असं लिहिताना तो लेख पॅरिसमधला नंतरचा तर नाही ना, हे बघा. सोव्हिएत लिखाणात तो सदैव लुटारू आणि धनिक शेतकऱ्यांचा हस्तक. मेनोनाइट रोजनिशांत तो सैतान. आणि 1991 नंतर युक्रेनमध्ये तो राष्ट्रवीर म्हणून उभा केला जातो, 2022 मध्ये हुल्यायपोले रशियाशी चाललेल्या युद्धाच्या आघाडीवर सापडल्यापासून जास्तच. प्रत्येकाला विचारा: हा माणूस त्या महिन्यात कुठे होता, आणि त्याच्या खळ्यावर कोण आलं होतं?

मार्गदर्शकांशी बोलताना विषय लहान करून घ्या. चार वर्षांचा सबंध उठाव साठ-सत्तर पानांत मावत नाही. माझ्या मते ऑक्टोबर-नोव्हेंबर 1919 मधलं अलेक्सांद्रोव्स्क आणि त्याच्या भोवतालची गावं हा उत्तम विषय आहे. त्या सात-आठ आठवड्यांत अधिवेशन आहे, रेल्वे कामगार आहेत, वर्तमानपत्रं आहेत आणि आयखेनफेल्डही आहे. दोन रेघांचा कागद आखून झाला की त्याचा फोटो काढून ठेवा आणि पहिल्या प्रकरणाआधी तोच जोडा.